दिनचर्या, ऋतुचर्या आणि श्रम : मुक्ताईनगर परिसराच्या संदर्भात आयुर्वेदातील संतुलनविचाराचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

निरोगी माणसाचे आरोग्य राखणे आणि रोग्याचा विकार दूर करणे अशी आयुर्वेदाची दोन प्रयोजने सांगितली जातात. यांपैकी आरोग्य राखण्याचे प्रयोजन आधी सांगितले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. औषधी, पंचकर्म आणि रसकल्प यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु माणसाने केव्हा उठावे, किती खावे, किती श्रम करावेत, केव्हा झोपावे आणि ऋतू बदलला की कोणत्या सवयी बदलाव्यात, या प्रश्नांना संहितांनी अगदी आरंभीची जागा दिली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या, सहाव्या आणि सातव्या अध्यायांत अनुक्रमे आहाराची मात्रा, ऋतूनुसार वर्तन आणि शरीराचे नैसर्गिक वेग न अडविणे हे विषय येतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा आणि चौथा रोग उत्पन्नच होऊ नयेत यासाठीच्या दक्षतेचा आहे.

गेल्या काही दशकांत हा विचार 'संतुलित जीवनशैली' या नावाने पुन्हा लोकांसमोर आला आहे. मात्र त्याची मांडणी बहुधा व्यक्तीपुरती असते. ज्याला वेळ, निवारा आणि पुरेसे अन्न आहे अशा माणसाने स्वतःला लावून घेण्याची शिस्त, असे त्याचे स्वरूप झालेले दिसते. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या कामाला बांधलेला आहे त्याच्यापर्यंत हा विचार कधी पोहोचला होता का, आणि पोहोचला असेल तर कोणत्या मार्गाने, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा शोध जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर परिसराच्या संदर्भात घेतला आहे.

मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, हे तापी आणि पूर्णा या नद्यांच्या संगमाजवळचे गाव होय. संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर आहे. कोथळी आणि मेहूण ही संत मुक्ताबाईंच्या स्मृतीची स्थाने आहेत. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. केळी, कापूस आणि ज्वारी ही येथील परिचित पिके असून शेतमजुरी हा मोठ्या लोकसंख्येचा आधार आहे. तीव्र ऋतू आणि कष्टाचे काम या दोहोंचा अनुभव एकाच ठिकाणी असल्याने ऋतुचर्येचा विचार तपासून पाहण्यास हा प्रदेश योग्य ठरतो.

संहितांमधील संतुलन : मात्रा आणि काल

आयुर्वेदातील संतुलनाची कल्पना वात, पित्त आणि कफ या तीन दोषांच्या साम्यावर उभी आहे. हे साम्य एकदा साधले की कायम टिकते, असे मात्र संहिता मानत नाहीत. दिवसाचा प्रहर, ऋतू, वय आणि पचनाची अवस्था यांनुसार दोषांची स्थिती सतत बदलत असते. म्हणून संतुलन म्हणजे दररोज नव्याने साधावयाचा मेळ होय. त्याची साधने दोन : मात्रा, म्हणजे किती; आणि काल, म्हणजे केव्हा.

व्यायामाविषयीचा नियम याचे चांगले उदाहरण आहे. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसानेही थंडीत आणि वसंतात आपल्या शक्तीच्या निम्म्याइतकाच व्यायाम करावा व इतर ऋतूंत त्याहून कमी करावा, असे वाग्भट सांगतो. शक्तीचा अर्धा भाग राखून ठेवण्याचा हा दंडक श्रमाच्या एकूण विचाराला लागू पडतो. इंद्रियांच्या बाबतीतही त्याची भूमिका अशीच आहे. त्यांना पीडा देऊ नये आणि त्यांचे फार लाडही करू नयेत. आचरणात सर्वत्र मधला मार्ग धरावा, हा त्याचा उपदेश दिनचर्येच्याच अध्यायात येतो.

वर्षाचे दोन भाग मानले आहेत. शिशिर, वसंत आणि ग्रीष्म या उत्तरायणातील तीन ऋतूंत सूर्य प्राण्यांचे बल हरण करतो, म्हणून तो आदानकाल. वर्षा, शरद आणि हेमंत या ऋतूंत बल परत मिळते, म्हणून तो विसर्गकाल. ग्रीष्माच्या अखेरीस आणि पावसाच्या आरंभी शरीराचे बल सर्वांत कमी असते. अशा वेळी गोड, हलके, थंड आणि पातळ अन्न घ्यावे, खारट, तिखट व आंबट पदार्थ, व्यायाम आणि ऊन टाळावे, दुपारी सावलीत विश्रांती घ्यावी, असे सांगितले आहे. एरवी निषिद्ध मानलेली दिवसाची झोप ग्रीष्मात रात्र लहान असल्यामुळे मान्य केली आहे. एका ऋतूतून दुसऱ्या ऋतूत जाताना आधीच्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि पुढच्या ऋतूचे पहिले सात दिवस हा संधिकाल मानून जुन्या सवयी हळूहळू सोडाव्यात व नव्या हळूहळू लावून घ्याव्यात, हा नियमही याच विचारातून आला आहे.

कामामुळे 'सदातुर' असणारे

संहितांमधील दिनचर्या वाचताना तिचा नायक संपन्न गृहस्थ असल्याचे जाणवते. पहाटे उठणे, दातवण, अंजन, नस्य, अंगाला तेल, उटणे, स्नान आणि तांबूल हा क्रम ज्याला सकाळचे काही तास स्वतःचे आहेत त्यालाच जमणारा आहे. तथापि, ग्रंथकारांना याची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अकराव्या अध्यायात 'सदातुर', म्हणजे नेहमीच आजारी असणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे. श्रोत्रिय ब्राह्मण, राजसेवक, वेश्या आणि व्यापारी असे चार वर्ग तेथे सांगितले आहेत.

या चौघांना एकत्र आणणारे कारण महत्त्वाचे आहे. अध्ययन आणि व्रते यांत गुंतलेल्या श्रोत्रियाचे शरीराकडे लक्ष नसते. राजसेवकाला धन्याच्या मनाप्रमाणे वागावे लागते आणि तो सतत चिंतेत असतो. वेश्येचा वेळ इतरांना प्रसन्न ठेवण्यात जातो. व्यापारी एका जागी बसून देवघेवीत गढलेला असतो. चौघेही नैसर्गिक वेग अडवितात आणि वेळेवर जेवत नाहीत. म्हणून ते नेहमी आजारी असतात. याप्रमाणे वागणारे इतर लोकही सदातुरच होत, अशी पुस्तीही ग्रंथकाराने जोडली आहे. हा भाग दृढबलाने पूर्ण केलेल्या अंशात येतो. म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वीही आयुर्वेदाच्या परंपरेला एक गोष्ट ठाऊक होती : आपल्या वेळेवर ज्याची सत्ता नाही, त्याला दिनचर्येचा उपदेश पुरेसा पडत नाही.

या यादीत शेतकरी आणि मजूर नाहीत. त्याचा अर्थ ते निरोगी होते असा लावणे घाईचे ठरेल. कदाचित वैद्याकडे येणाऱ्यांत त्यांची संख्या कमी असावी. कदाचित शरीरश्रमामुळे त्यांचा अग्नी प्रखर राहतो अशी समजूत असावी. मात्र श्रमिकांचा विचार संहितांत अजिबात नाही असेही नाही. ओझे वाहून, वाट चालून किंवा काम करून थकलेल्यांना दिवसा झोपण्याची मुभा वाग्भटाने स्पष्टपणे दिली आहे. रात्री जागरण घडले, तर जागलेल्या वेळेच्या निम्मा वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी न जेवता झोपून घ्यावा, असा त्याचा नियम आहे. येथे नियमाला अपवाद केला आहे, तो श्रमाच्या गरजेतून.

यादवकाळ : हेमाद्रि आणि संगमावरची परंपरा

अष्टांगहृदयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध तेराव्या शतकात विशेष घट्ट झाला. देवगिरीच्या यादवांच्या राज्यात महादेव (१२६१ ते १२७१) आणि त्यानंतर रामचंद्र यांच्या काळी श्रीकरणाधिप असलेल्या हेमाद्रीने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयाला असलेल्या बोपदेवाने आपले वडील वैद्य केशव यांच्या 'सिद्धमंत्र' या ग्रंथावर टीका केली. संगीतरत्नाकराचा कर्ता शार्ङ्गदेव हा यादव दरबारातील अधिकारी वैद्यकाचाही जाणकार होता. खानदेश या विद्याव्यवहारापासून दूर नव्हता. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापन केलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. तापीतीरावरचा योगी चांगदेव हा या ज्योतिषी चांगदेवाहून वेगळा होय.

हेमाद्रीचे नाव मराठी समाजात अधिक परिचित आहे ते 'चतुर्वर्गचिंतामणि' या प्रचंड धर्मग्रंथामुळे. त्याच्या व्रतखंडात वर्षभरातील व्रतांचा संग्रह आहे. एकाच लेखकाने एकीकडे ऋतुचर्येच्या ग्रंथावर टीका लिहावी आणि दुसरीकडे वर्षभराच्या उपवासांचे व व्रतांचे नियम संकलित करावेत, ही घटना बोलकी आहे. यावरून व्रते वैद्यकातून निघाली असे सिद्ध होत नाही. व्रतांचा घोषित हेतू पुण्य हाच आहे. परंतु अन्न, ऋतू आणि संयम यांचा विचार करणारी ही दोन शास्त्रे त्या काळच्या विद्वानाच्या एकाच मेजावर होती, एवढे निश्चित म्हणता येते.

याच काळात संगमाच्या परिसराला दुसरी एक परंपरा लाभली. रामचंद्र यादवाच्या राज्यात, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती यांत योग्य प्रमाण राखणाऱ्यालाच योग साधतो, असे सांगितले आहे. ज्ञानदेवांनी या विचाराचा मराठीत विस्तार केला. खाणे मोजून, बोलणे मोजके, पावले बेताची आणि झोपेलाही तिच्या वेळी मान, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. जो विचार वैद्यकात दोषांच्या भाषेत येतो, तोच येथे साधनेच्या भाषेत आणि लोकांच्या बोलीत आला. १२९७ मध्ये तापीकाठी मेहूण येथे मुक्ताबाई अंतर्धान पावल्या, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे.

चांगदेवाच्या कथेतही या विषयाशी निगडित एक सूत्र आहे. योगबळाने चौदाशे वर्षे आयुष्य वाढविलेला हा योगी अखेर वयाने लहान असलेल्या मुक्ताईचा शिष्य झाला, असे परंपरा सांगते. कथेकडे इतिहास म्हणून पाहता येत नाही; पण तिच्यातील मूल्य स्पष्ट आहे. देहाचा काळ लांबविण्याच्या सामर्थ्यापेक्षा समज श्रेष्ठ, असा निवाडा लोकपरंपरेने संगमावर करून ठेवला. आयुर्वेदही शंभर वर्षांचे आयुष्य मानतो आणि त्यातही हितकर व सुखकर आयुष्याची चर्चा करतो. अमरत्वाचा ध्यास हा त्याच्या दिनचर्येचा विषय नाही.

पंचांगातून आलेली ऋतुचर्या

ग्रंथ वाचू न शकणाऱ्या समाजापर्यंत ऋतूनुसार वागण्याचे भान कसे पोहोचले असावे, याचे उत्तर खानदेशच्या सणवारांत शोधता येते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा येथील मोठा सण. तो ऐन वैशाखात येतो. रब्बीची कामे उरकलेली असतात आणि पेरणीला अवकाश असतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर पुजली जाते आणि तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवले जाते. सालदारकीचे वर्षही आखाजीला संपते आणि नवा करार होतो. बहिणाबाई चौधरी (१८८० ते १९५१) यांनी या सणावर कविता लिहावी, इतके त्याचे शेतकरी स्त्रीच्या जीवनात स्थान आहे. आदानकालातील बलक्षय, शीत जलाचे महत्त्व आणि विश्रांती यांविषयी वाग्भट जे सांगतो, त्याला समांतर अशी ही व्यवस्था आहे. ती उपदेशातून आलेली नाही. कामाच्या वर्षात सर्वांना एकाच वेळी मिळणाऱ्या विसाव्याच्या रूपाने ती उभी आहे.

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करण्याची प्रथा अनेक घरांत आहे. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, म्हणून जुने धान्य, मुगाचे कढण आणि हलके अन्न घ्यावे, हा ऋतुचर्येचा नियम येथे आठवतो. पुढे मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा ताटात येते. मार्गशीर्ष आणि पौष हे हेमंताचे महिने. या ऋतूत अग्नी सर्वांत प्रबळ असतो आणि त्याला पुरेसे जड, स्निग्ध अन्न न मिळाल्यास तो शरीराचे धातूच क्षीण करतो, असे संहिता सांगतात. खानदेशात कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाण्याचा खरा हंगाम थंडीचाच आहे. ज्वारी आणि उडीद यांच्या पिठाची ही भाकरी पचायला जड. ती ज्या ऋतूत आणि जितक्या कष्टाबरोबर खाल्ली जाते, त्यात तिचे औचित्य आहे.

मुक्ताबाईंच्या पालखीची आषाढी वारी हे आणखी एक उदाहरण. मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंतचे पाचशे किलोमीटरहून अधिक अंतर वारकरी सुमारे महिनाभर चालतात. पहाटे उठणे, ठरलेल्या वेळी चालणे, दुपारचा विसावा, साधे जेवण, सायंकाळचे कीर्तन आणि वेळेवर झोप असा वारीचा दिवस असतो. रोजचे अंतर ठरलेले असते. ते वृद्धांना आणि स्त्रियांनाही झेपावे असे असते. शक्ती राखून श्रम करण्याचा दंडक येथे समूहाच्या चालीतून पाळला जातो. एकट्याने न साधणारी दिनचर्या दिंडीत सहज साधते.

जेथे मेळ बसत नाही

या समांतर गोष्टींवरून लोकजीवन म्हणजे आयुर्वेदाचेच आचरण, असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. दोहोंत विसंगतीही आहेत. सर्वांत मोठी विसंगती पावसाळ्याची आहे. वर्षा ऋतूत श्रम, ऊन आणि दिवसाची झोप टाळावी, असे ग्रंथ सांगतो. पण खरिपाच्या शेतकऱ्याचा सर्वाधिक कष्टाचा काळ तोच असतो. पेरणी, कोळपणी आणि निंदणी पावसाच्या उघडिपीवर अवलंबून असतात. निंदणीला बसलेल्या बाया दिवसभर ओल्या जमिनीवर वाकून असतात. येथे ऋतुचर्येचा नियम पाळणे म्हणजे पीक गमावणे होय.

उन्हाळ्यातही सर्वांना विसावा मिळतो असे नाही. केळीच्या बागेला बारमाही पाणी आणि बारमाही राबणूक लागते. बागायत वाढली तसा आखाजीच्या सुमाराचा मोकळा काळ आकुंचित होत गेला. अंगाला तेल लावल्याने श्रम आणि वात यांचे शमन होते, असे शास्त्र सांगते. परंतु ज्याला श्रम अधिक त्याच्या घरी तेल मोजकेच, हे ग्रामीण वास्तव आहे.

आहारही स्थिर राहिलेला नाही. खानदेशी रश्श्याची ओळख असलेली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या द्वारे भारतात आली, ती सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर. ठेच्यात आणि भाजीत पडणारा भुईमूगही अमेरिका खंडातलाच. वाग्भटाला हे पदार्थ ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही लोकांनी प्रत्येक नव्या पदार्थाला 'उष्ण' किंवा 'थंड' अशी जागा देऊन जुन्या विचारात सामावून घेतले. बाजरी थंडीत आणि ज्वारी उन्हाळ्यात, ही विभागणी याच पद्धतीची आहे. परंपरेचे सामर्थ्य पदार्थांची जुनी यादी जपण्यात नसून विचाराची पद्धत जपण्यात आहे, असे यावरून म्हणता येते.

घड्याळाचा काल

एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात कालाची नवी कल्पना आली. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाला मोठी मागणी आली. १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे सुरू झाली आणि १८७० पर्यंत मुंबई ते कोलकाता हा मार्ग जोडला गेला. भुसावळ हे मोठे जंक्शन झाले. १९०६ मध्ये खानदेशचे विभाजन होऊन एदलाबाद पूर्व खानदेशात आले.

रेल्वेने पाळीची नोकरी आणली. गाडीची वेळ सूर्यावर ठरत नाही. तिच्यासाठी रात्री जागणारा चालक, गार्ड, खलाशी आणि सिग्नलवाला लागतो. पुढे जिनिंग कारखाने, भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र यांनी पाळीचे जीवन या परिसरातील आणखी घरांत नेले. चरकाच्या 'सदातुर' यादीतील राजसेवकाचे हे आधुनिक रूप होय. त्याचे जेवण आणि झोप दर आठवड्याला सरकते. रात्रीचे जागरण शरीरात रुक्षता वाढविते, असे आयुर्वेद मानतो. आधुनिक वैद्यकातही पाळीच्या कामाचा झोपेवर आणि चयापचयावर होणारा दुष्परिणाम मान्य झाला आहे. जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी उपाशीपोटी झोपण्याचा वाग्भटाचा नियम अशा कामगाराला उपयोगी ठरू शकतो. पण त्यासाठी शांत खोली, घरच्यांचे सहकार्य आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरेसा अवधी हवा. तो अवधी ठरविणे कामगाराच्या हाती नसते.

संस्था, कायदे आणि बदललेला भर

वसाहतकाळात पाश्चात्त्य वैद्यकाला राजाश्रय मिळाला आणि आयुर्वेदाला आपले अस्तित्व नव्याने मांडावे लागले. महाराष्ट्रात हे काम मुद्रणाने सुरू झाले. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादित केलेले अष्टांगहृदय १८८० मध्ये निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाले. गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भट' या ग्रंथामुळे हा विचार मराठी वाचकाच्या घरात आला. शंकर दाजीशास्त्री पदे (१८६७ ते १९०९) यांनी 'आर्यभिषक्' मधून प्रचार केला आणि त्यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचे पहिले अधिवेशन भरले. १९३३ मध्ये पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले. १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यावसायिक कायद्याने वैद्यांच्या नोंदणीला अधिष्ठान दिले. १९३९ मध्ये हरिशास्त्री पराडकर यांनी संपादित केलेल्या आवृत्तीत अरुणदत्ताच्या टीकेबरोबर हेमाद्रीची टीकाही अभ्यासकांना उपलब्ध झाली.

स्वातंत्र्यानंतर १९७० च्या केंद्रीय कायद्याने आयुर्वेदाच्या शिक्षणाचे देशव्यापी नियमन सुरू झाले. २०२० च्या कायद्याने त्याची जागा नव्या राष्ट्रीय आयोगाला दिली. २०१४ मध्ये आयुष मंत्रालय स्वतंत्र झाले. २०१६ पासून धन्वंतरी जयंतीला साजरा होणारा आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबर या निश्चित तारखेला साजरा होऊ लागला.

या वाटचालीने आयुर्वेदाला प्रतिष्ठा, अभ्यासक्रम आणि रुग्णालये मिळाली. तथापि, तिच्या ओघात भर बदलला. मान्यतेची लढाई चिकित्सेच्या क्षेत्रात असल्यामुळे वैद्याची पदवी, औषधाचा कारखाना आणि रोगावरील उपचार हे विषय पुढे आले. स्वस्थवृत्त हा विषय अभ्यासक्रमात राहिला. समाजात मात्र तो बाटलीबंद रसायने आणि वैयक्तिक सल्ला यांच्या रूपाने पसरला. पंचांगातील सामूहिक विसाव्याशी असलेले त्याचे नाते सुटत गेले.

याच काळात श्रमिकाच्या दिवसाचा विचार दुसऱ्या दिशेने झाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि विश्रांतीचे मध्यांतर ठरवून दिले. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याचे रूप मिळाले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विसाव्यासाठी सावली, लहान मुलांची सोय आणि प्रथमोपचाराची पेटी यांची तरतूद होती. या कायद्यांच्या भाषेत आयुर्वेदाचा उल्लेख नाही. परंतु ग्रीष्मात पाणी, सावली आणि दुपारचा विसावा हवा, हे जे ऋतुचर्या सांगते, ते मजुराला प्रत्यक्ष मिळवून देण्याचा प्रयत्न त्यांनी केला. शेतमजुरी करणाऱ्या बाईला मात्र अशा तरतुदींचे संरक्षण क्वचितच मिळते. तिच्या कामाची वेळ मालक, हंगाम आणि घरातील पाणी यांवर ठरते. घरी परतल्यावर तिचा दुसरा कामाचा दिवस सुरू होतो, आणि तिच्या विसाव्याचा हिशेब ना कायद्यात आहे ना दिनचर्येच्या अध्यायात.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, आयुर्वेदातील संतुलन हा मात्रा आणि काल यांचा विचार असून तो प्रथमपासून कामाशी जोडलेला आहे. 'सदातुर' लोकांचे वर्णन हा त्याचा ठोस पुरावा होय. दुसरी, मुक्ताईनगर परिसरात या विचाराशी जुळणारे वर्तन ग्रंथांपेक्षा आखाजी, चातुर्मास, चंपाषष्ठी आणि वारी यांसारख्या सामूहिक व्यवस्थांतून टिकले. तिसरी, पाळीची नोकरी आणि बारमाही बागायत यांनी या व्यवस्था क्षीण केल्या, आणि आधुनिक काळातील आयुर्वेदाच्या पुनरुज्जीवनाने त्यांची जागा भरून काढली नाही.

उन्हाच्या झटक्यासारख्या संकटात तातडीचे उपचार रुग्णालयातच घ्यावे लागतात; दिनचर्या हा त्याला पर्याय नव्हे. तसेच संहितेतील प्रत्येक नियम आजच्या कसोटीवर तपासून घ्यावा लागेल. तरीही शक्तीचा अर्धा भाग राखून काम करावे, थकलेल्याने झोपावे आणि ऋतू बदलताना शरीराला सवड द्यावी, हे नियम आजच्या श्रमिकालाही लागू पडणारे आहेत. ते पाळण्याची जबाबदारी केवळ त्याच्यावर टाकता येणार नाही. मे महिन्यात केळीच्या बागेत दुपारी बारा वाजता काम थांबविणे हे मजुराच्या इच्छेवर अवलंबून नसते; ते बागमालक, ग्रामपंचायत आणि शासन यांनी ठरवावयाचे असते. जळगाव जिल्ह्यातील उन्हाळ्याची तीव्रता पाहता, वैशाखातील कामाच्या वेळा, शेतावरील सावली व पाणी आणि पाळी बदलताना मिळणारी सवड यांचा विचार स्वस्थवृत्ताचा भाग म्हणून होणे आवश्यक आहे. जुन्या समाजाने आखाजीच्या रूपाने हा विचार आपल्या परीने केला होता. आजच्या कामाच्या पद्धतीला साजेसे त्याचे नवे रूप शोधणे, हे आयुर्वेदाच्या आणि समाजशास्त्रांच्या अभ्यासकांसमोरील समान कार्य आहे.